पावसात भदभदणारा खर्ज: तार जाड करावी की जवारी बघावी?

तिरफळ (वेंगुर्ला)
घरातला तंबोरा मिरजेचा, आजोबांच्या वेळचा, मर्दानी. सूर काळी एक. पंचम आणि जोड, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा, झकास बोलतात. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार, मात्र मिरगाचा पाऊस लागला की बिघडतो. छेडला की आधी ‘भद्द’, मग नुसती घरघर. गेल्या आठवड्यात २४ नंबरची पितळी तार काढून २२ची चढवली. आवाज भरला, पण खुंटी पिळताना छातीत धडधडतं, आणि जोड खर्जाखाली दबल्यासारखी वाटते. तरी माझं मत असं झालंय की किनाऱ्यावर खर्ज जाडच हवा, इथल्या हवेला पुरून उरणारा. पटतंय का?

खाडीपलीकडे
मुळीच नाही. २४ची तार ०.५६ मिमी, २२ची ०.७१. दिसायला सव्वापट, पण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे दीडपटीच्याही वर. तोच षड्ज हवा असेल तर ताणही तेवढाच वाढणार. तो सोसायचा कुणी? आजोबांच्या वेळच्या तबलीने, भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाने?

आणि ‘भद्द’ हा तारेचा दोष नव्हेच, जवारीचा आहे, म्हणजे तार घोडीच्या पट्टीवर टेकून झणझणते त्या टेकणीचा. खर्ज उतरवून घोडीवरून नख फिरवून बघ, जिथे तार टेकते तिथे बारीक चर लागेल. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, तबली हलते, तारेचा घोडीशी कोन बदलतो. मे महिन्यात जिथे तारेखालचं सूत, म्हणजे दोरा, बरोबर होतं तिथे ते जुलैत चुकीचंच असणार. सुताची दोन्ही टोकं चिमटीत धर, दुसऱ्या हाताने खर्ज छेडत राहा आणि सूत केसभर पुढे, केसभर मागे कर. आधी आवाज मुका असेल, मग पत्र्यासारखा वाजेल, आणि मध्येच एका जागी उघडेल. खर्जातून गंधार वर आला की हात काढ. लोक तारा बदलत बसतात, सुताला हात लावत नाहीत.

मीठवारा (देवगड)
हे सगळं घाटावर बसून सांगायला ठीक आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण तिथल्या कोरड्या हवेत काढलेली जवारी आमच्याकडे किती दिवस टिकते? की दर पावसाळ्यात भोपळा गोधडीत गुंडाळून एसटीने घाट चढायचा?

खाऱ्या वाऱ्याने पितळेवर हिरवट थर चढतो. तार जागोजागी असमान होते, मग तारेतले सूर जुळवायचे मणी कितीही सरकवा, सूर एका ठिकाणी बसत नाही. बारीक तारेला हे लवकर भोवतं. मी तिरफळच्या बाजूने, जाड तार लावा.

खाडीपलीकडे
मी घाटावर नाही, राजापूरच्या खाडीला आहे. रियाज संपला की कोरड्या फडक्याने तारा पुसतो आणि खर्ज वर्षाला बदलतो. तंबोऱ्यापेक्षा तार स्वस्त आहे हो.

भजनीबुवा
आमच्या भजनात तंबोरो कोण आयकता? पखवाज सुरू झालो काय खर्ज खय गेलो ता खर्जाकच ठावक.

एकटा_गातो
चार महिने इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा लावा, ऑक्टोबरात तंबोरा काढा. विषय संपला.

सुरंगी
बुवा 😀 आणि डबेवाल्यांनो, जवारी लागलेला खर्ज मांडीला कंप देतो, तुमच्या डब्याला तो कुठून येणार?

तिरफळ, जोड दबली म्हणतोस ना, तीच खरी खूण आहे. युरोपात ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचीही हीच रड होती. आतड्याच्या जाड तारा खर्जाला बोथट बोलत, म्हणून शेजारी वरच्या सप्तकातली बारीक तार लावून दोन्ही एकदम छेडत. पुढे १७व्या शतकाच्या उत्तरार्धात वर धातूची तार गुंडाळलेल्या तारा आल्या. त्या इतका वेळ घुमत राहतात की पुढच्या सुरात मागचा मिसळतो आणि अंगठ्याने दाबाव्या लागतात. खर्ज नुसता मोठा झाला म्हणून चांगला होत नाही. आपल्याकडे ते बारीक तारेचं काम जोड करते. तीच दबली तर तंबोऱ्यात उरलं काय?

मीठवारा
ल्यूट वेंगुर्ल्याच्या पावसात ठेवून बघा, मग बोलू.

तिरफळ
काल रात्री २२ उतरवली. चर खरंच निघाला, नखात अडकला. जुनी २४ परत लावून सूत हलवलं. पाऊण तास गेला, दोनदा सूत तुटलं, पण गंधार आला. आई आतून म्हणाली, “आता वाजला.” पण सकाळी सर येऊन गेली आणि परत भद्द! म्हणजे मीठवारा अगदीच चुकीचा नाही. आता मधली २३, ०.६१ची, लावून बघणार. ताण २४पेक्षा पाचव्या हिश्श्याने वाढेल, तेवढा तबलीला चालावा. चराचं काम दिवाळीनंतर कारागिराकडे.

खाडीपलीकडे
२३ आणायला गेलास तर माझ्यासाठीही एक वेटोळं आण. इथे नुसती २२ आणि २४ मिळते.

मीठवारा
बघा, कोण जाड तार मागतंय!