गिट: पुश रिजेक्ट होतंय, आणि मुळात सुरुवात कुठून करायची?

अर्धाकोडर
मंडळी नमस्कार. मी आणि एक मित्र मिळून छोटं ॲप बनवतोय, आत्तापर्यंत कोड झिप करून एकमेकांना मेल करायचो, पण त्याने जुन्या झिपवर काम केलं की माझे बदल गायब आणि मग अख्खी संध्याकाळ दोन फोल्डर शेजारी उघडून ओळी जुळवण्यात जाते. म्हणून आता गिटवर आलोय, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. व्हिडिओ पाहिले, पण जो तो पहिल्या मिनिटापासून कमांडा मारत सुटतो, का मारतोय ते कोणी सांगत नाही. माझं गाडं इथे अडलंय: गिट आणि गिटहब एकच का? ॲड केल्यावर परत कमिट (बदलांची नोंद) कशाला, एकच गोष्ट दोनदा सेव्ह का करायची? आणि सगळ्यात अर्जंट म्हणजे, काल मित्राने पुश केलं (आपले बदल सर्व्हरवर चढवले), त्यानंतर मी पुश करायला गेलो तर लाल अक्षरात 'रिजेक्टेड' आणि पुढे 'फेच फर्स्ट'. मित्र म्हणतो --फोर्स लाव, जाईल. लावू का?

जुनाटर्मिनल
फोर्स लावू नका!! बाकीचं नंतर वाचा, पण हे आधी. फोर्स लावलं की सर्व्हरवरची ब्रँच (कामाची शाखा) तुमच्या मशीनवर जशी आहे तशी होणार, म्हणजे मित्राचं कालचं काम तिथून गेलं. रिजेक्ट होतंय कारण सर्व्हरवर एक कमिट आहे जे तुमच्याकडे नाहीये, गिट एवढंच म्हणतंय की आधी ते घे मग तुझं दे. तर गिट पुल करा, आणि मग पुश. पुल म्हणजे आतल्या आत दोन कामं, फेच करून सर्व्हरवरचं आणणं आणि ते तुमच्या कामात मर्ज करणं, म्हणजे मिसळणं.

गिट आणि गिटहब एक नाही. लिनक्स कर्नलवाले आधी बिटकीपर हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरायचे, त्याचा फुकट वापर बंद झाला तेव्हा 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने स्वतःच गिट लिहायला घेतलं. गिटहब ही वेबसाइट 2008 ची, 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तिथे तुमची रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास) ठेवता येते एवढंच, गिटलॅबवर पण ठेवता येते. गिट स्वतः तुमच्या मशीनवर चालतं, नेट बंद असलं तरी कमिट, लॉग (कमिटांची यादी), जुनं व्हर्जन बघणं सगळं होतं, कारण पूर्ण इतिहास प्रोजेक्टमधल्या .गिट या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. (तो फोल्डर कचरा समजून उडवू नका.)

कमिटवाली
ॲड आणि कमिटचं मी सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं सोपं होतं. समजा तुम्ही लॉगिनमधला बग काढायला बसलात आणि जाता जाता दुसऱ्या फाइलमध्ये बटणाचा रंग पण बदललात. आता गिट स्टेटस मारा, दोन्ही फाइल लाल दिसतील. फक्त लॉगिनवाली ॲड करा आणि परत स्टेटस बघा, ती हिरवी झालेली असेल आणि रंगवाली अजून लालच. आता कमिट केलं तर फक्त हिरवं आत जातं, रंगवाली मग वेगळ्या कमिटमध्ये टाका. म्हणजे ॲड हे सेव्ह नाहीच, पुढच्या कमिटमध्ये काय काय घ्यायचं ते निवडणं आहे. दोन महिन्यांनी रंग नको झाला तर तेवढं एक कमिट रिव्हर्ट करता येतं (उलटवता येतं) आणि लॉगिनला धक्का लागत नाही. आणि प्लीज मेसेजमध्ये 'चेंजेस' किंवा 'अपडेट' लिहू नका, 'रिकाम्या पासवर्डवर लॉगिन क्रॅश होत होतं ते दुरुस्त' असं लिहा, लॉग वाचणारे उद्या तुम्हीच असणार आहात.

अर्धाकोडर
वा, लाल हिरव्याचं आत्ता कळलं, धन्यवाद ताई. पण पुल मारलं तर नवीनच भानगड, म्हणे डायव्हर्जंट ब्रँचेस आहेत, कसं जुळवायचं ते सांगा, आणि थांबलं.

जुनाटर्मिनल
हो, दोघांकडे वेगवेगळी कमिटं झाली की नवीन गिट ते विचारतं. गिट पुल --नो-रिबेस मारा, म्हणजे मर्ज होईल. रिबेस ही जुळवायची दुसरी पद्धत, तिच्या नादी आत्ता लागू नका. मर्जचा मेसेज विचारायला कदाचित विम एडिटर उघडेल आणि तुम्हाला वाटेल कीबोर्ड बिघडला, तर एस्केप दाबा, मग कोलन डब्ल्यू क्यू आणि एंटर.

अर्धाकोडर
विम नाही उघडलं, कॉन्फ्लिक्ट आला. फाइलमध्ये बाणासारख्या खुणा घुसल्यात आणि माझी आणि मित्राची ओळ दोन्ही दिसतायत. बिघडलं का काही?

कमिटवाली
काही बिघडलं नाही. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट स्वतः निर्णय घेत नाही, तुम्हाला विचारतं. असं दिसत असेल बघा:

<<<<<<< हेड
कमाल_प्रयत्न = 3
=======
कमाल_प्रयत्न = 5
>>>>>>>

वरचं तुमचं, खालचं सर्व्हरवरून आलेलं. मित्राला फोन करा, 3 ठेवायचं का 5 ते ठरवा, पाहिजे ती ओळ ठेवा, बाकी ओळ आणि तिन्ही खुणा काढा, एकदा प्रोग्राम चालवून बघा, मग ॲड, कमिट, पुश. सगळा गोंधळच झाला असं वाटलं तर गिट मर्ज --ॲबॉर्ट, पुल मारण्याआधी होतं तिथे परत.

शांतसर्व्हर
यात एक राहिलं. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे तिचं नाव पहिल्या दिवशीच .गिटइग्नोर मध्ये टाका, गिटने कुठल्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं त्याची ती यादी. फाइल आधीच कमिट झाली असेल तर इग्नोरमध्ये लिहून काही होत नाही, गिट तिच्यावर लक्ष ठेवतच राहतं, गिट आरएम --कॅश्ड करून तिला बाहेर काढावं लागतं, आणि तरी ती इतिहासात सापडतेच. पब्लिक रिपॉझिटरीत गेलेला पासवर्ड फुटला असंच धरा आणि आधी पासवर्ड बदला, साफसफाई मागाहून. बिल्डचं फोल्डर (कोडपासून आपोआप बनणाऱ्या फाइली), मोठे व्हिडिओ हे पण आत नको, गिटहब 100 एमबीच्या वरची फाइल घेतच नाही.

अर्धाकोडर
मित्राशी बोललो, 5 ठेवलं, पुश गेलं! आता तो म्हणतोय दोघांनी आपापली ब्रँच करू आणि महिन्याच्या शेवटी एकत्र करू. बरोबर आहे का?

जुनाटर्मिनल
ब्रँच करा पण माणसागणिक नको, कामागणिक करा, लॉगिनची एक, रिपोर्टची एक, काम झालं की लगेच मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज आणि ब्रँच डिलीट. महिनाभर वेगळे राहिलात तर आज एका ओळीचा कॉन्फ्लिक्ट आला तिथे शंभर येतील.

शांतसर्व्हर
+1. आणि सकाळी कामाला बसताना आधी पुल, हे मित्राला पण सांगा, त्याच्या हातात फोर्स आहे म्हणून जास्तच.