फॉर्ममध्ये 'काही नाही' लिहिलेल्या बायका

उंबरठा
मध्यंतरी काही महिने सर्वेक्षणाचं काम केलं. टॅब घेऊन घरोघरी फिरायचं. एका दारात नवरा उभा होता, विचारलं बायको काय करते, तर म्हणे काही नाही, घरीच असते. आणि त्याच्या मागे ती बाई जमिनीवर बसून शर्टांना बटणं लावतेय, शेजारी कंबरेएवढा गठ्ठा! मी म्हटलं हे काय मग? "ते असंच, फावल्या वेळात." मी काय भरलं? 'काम करत नाही'. उत्तर घरातल्या एकाकडून घ्यायचं असं सांगितलेलं आणि दिवसाची घरं संपवायची होती. चुकलंच माझं.

संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक, सामाजिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा, १९७६ पासून लागू. तो मान्य केलेले देश दर काही वर्षांनी अहवाल देतात आणि त्यात असेच आकडे जातात. ते अहवाल तपासणाऱ्या कराराच्या समितीने १९८९ मध्ये, कराराचा अर्थ सांगणाऱ्या आपल्या पहिल्याच टिप्पणीत सांगून ठेवलंय की देशाची एकत्र आकडेवारी पुरत नाही, मागे पडलेले भाग आणि दुबळे गट वेगळे बघा. बायका, स्थलांतरित, अपंग यांचं वेगळं मोजत नसाल तर त्याला देखरेख म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.

रोखठोक
ताई, मोजून पोट भरतं का कुणाचं? समितीत १८ तज्ज्ञ, ते अहवाल वाचणार, शेरे मारणार, सरकार मान डोलावणार, पुढच्या खेपेला परत तेच. गरीब देशाने आधी दवाखाना बांधायचा की मोजणारे नेमायचे? आणि स्थलांतरित कामगारांचा वेगळा करार आहे ना १९९० चा, तो लागू व्हायला २००३ उजाडलं, मजूर जिथे जातात त्या श्रीमंत देशांपैकी बहुतेकांनी तो स्वीकारलेलाच नाही. मग देखरेख कुणावर, पाठवणाऱ्यांवर?

उंबरठा
पैसे नाहीत ही सबब १९९० च्या तिसऱ्या टिप्पणीतच खोडलीय. पैसा कमी असला तरी कुणाला काय मिळालं नाही यावर नजर ठेवायची जबाबदारी सुटत नाही. आणि दवाखाना कुठे बांधायचा हे न मोजता ठरवलं की तो आमदाराच्या दारात होतो, बघितलंय. १९९० चा करार नसेना का, १९६६ चा त्यातल्या बऱ्याच श्रीमंत देशांनी मान्य केलाय, आणि २००९ मध्ये समितीने स्पष्ट केलंय की ते हक्क परदेशी माणसालासुद्धा आहेत, कागद असोत नसोत.

रोखठोक
त्याच कराराचं कलम २(३) पण वाचा की. विकसनशील देशांना परक्यांचे आर्थिक हक्क किती द्यायचे ते ठरवायची मुभा दिलीय. पळवाट करारातच आहे.

उंबरठा
आर्थिक हक्कांपुरती. शाळा-दवाखान्याला ती लावता येत नाही.

तिरपागडा
मी दोघांच्याही विरोधात 😄 वेगळं मोजा म्हणणं सोपं आहे. ज्याच्याकडे कागद नाहीत तो फॉर्मवाला दिसला की मागच्या दाराने सटकतो, आणि शहाणपणाच करतो. दवाखान्यात लिहून घेतलेला पत्ता हद्दपार करणाऱ्या खात्याकडे गेला तर पुढच्या वेळी पोर तापाने फणफणलं तरी आई तिकडे फिरकत नाही. आधी भिंत घाला, मोजणाऱ्याची यादी पोलिसाला मिळणार नाही अशी कायद्यानेच, मग मोजा. दुसरं म्हणजे घरोघरच्या सर्व्हेत मालकाच्या घरी राहणारी कामवाली त्याच कुटुंबात धरली जाऊ शकते, म्हणजे तिला सुट्टी मिळते का याचं उत्तर कोण देणार? मालकीण. "हो, मिळते की!"

उंबरठा
हे मात्र शंभर टक्के मान्य. भिंतीचं मी लिहायला हवं होतं. पण म्हणून मोजायचंच नाही असं नका म्हणू, त्या कामवालीला एकटीला गाठून विचारायची सोय करा.

रोखठोक
करा, करा. त्या बटणवालीचं शेवटी काय केलंत ते सांगा.

उंबरठा
काही नाही. एकदा सबमिट केला की फॉर्म परत उघडत नाही.