काळूच्या ओल्या जाकिटाचा मुंढा कसा कापावा? मदत हवी आहे

आम्ही यावल तालुक्यात राहतो. काळू हा आमचा चार वर्षांचा गावठी कुत्रा रोज सकाळी माझ्या सासऱ्यांबरोबर केळीच्या बागेत जातो. एप्रिल-मे महिन्यांत इकडे पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. त्यात याचा रंग काळा, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नसल्याने सगळी भिस्त धापा टाकण्यावर. गेल्या वैशाखात परतताना तो विहिरीपाशी बसला, तो अंगावर तीन बादल्या पाणी ओतल्यावरच उठला. तेव्हाच मी ठरवले की त्याला भिजवून घालण्याजोगे सुती जाकीट शिवायचे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने ओल्या कापडातले पाणी भराभर उडते आणि अंग गार राहते; वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व तेच आहे. कापड वाळले की मात्र ते पुन्हा भिजवावे किंवा काढावे लागते, नाहीतर तेच उष्णता कोंडून धरते.

बाजारात मिळालेले जाकीट लॅब्रॅडॉरच्या अंगाचे होते. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक असते, त्यामुळे ते त्याच्या पोटाखाली लोंबत असे. म्हणून मी वरून पांढरा मांजरपाट, मध्ये टर्किश टॉवेल आणि आतून मलमल असे तीन थर घेऊन पायमशीनवर शिवले. कोरडे असताना ते उत्तम बसले. भिजल्यावर मात्र वजनाने मागे सरकले आणि मुंढ्याची, म्हणजे पाय बाहेर काढायच्या भोकाची, पायपिन (कडेला शिवलेली बारीक गोट) पुढच्या पायाच्या काखेत घासू लागली. तिसऱ्या दिवशी उजव्या काखेतले केस जाऊन रुपयाएवढा लाल चट्टा दिसला, तेव्हा मी ते लगेच बंद केले. चट्टा आता भरून आला आहे. पण काखेत ओले कापड मुळीच टेकू देऊ नका, असे पशुवैद्यांनी बजावले आहे.

मुंढा अर्धा इंच खोल करून पाहिला, तर गळा मागे ओढला जाऊन मानेवर दाब येऊ लागला. म्हणून दोन पायांच्या मधून छातीवर एक पट्टी घेऊन ती गळ्याला आणि पोटाच्या पट्ट्याला जोडावी, असे मनात आहे. तशी पट्टी घेतल्यास मुंढा किती मोकळा ठेवावा, आणि कमरेला टक घालून जाकीट मागे सरकायचे थांबेल का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? काखेत पायपिनऐवजी नुसती मलमलीची दुमड पुरेल, असे मला वाटते, पण ती उसवण्याची भीती आहे.

दुसरी अडचण पट्ट्याची आहे. रस्ता ओलांडताना सासऱ्यांना काळूला धरता यावे म्हणून पाठीवर लोखंडी कडी हवी आहे. निवारीची पट्टी कडीतून दुमडून मी चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारते. परंतु जाड थरांवर 16 नंबरच्या सुईने मध्येच टाके सुटतात. हा जोड हिसका खाणारा असल्याने सुटलेला एक टाकाही मला चालणार नाही. 18 नंबरची सुई घरगुती मशीनला झेपेल का, की हा जोड मेणदोऱ्याने हातानेच शिवावा?

काळूची मापे अशी आहेत: गळा 15 इंच, पुढच्या पायांमागून छातीचा घेर 25 इंच, मानेपासून शेपटीपर्यंत पाठ 20 इंच. होळी होऊन गेली आहे. मांजरपाट धुऊन, आटवून ठेवला आहे, पण मुंढ्याचा आकार नक्की झाल्याशिवाय त्याला कात्री लावणार नाही.