मोजक्या रनांत संकलन : मोंटे कार्लो की बेझियन क्वाड्रेचर?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार. कोरडवाहू कपाशीच्या उत्पादनाचे संगणकीय प्रारूप मी चालवतो. पेरणीजोग्या पहिल्या पावसाची तारीख आणि काळ्या जमिनीची ओल धरण्याची क्षमता या दोन बाबी अनिश्चित असून, त्यांच्या वितरणावर उत्पादनाची सरासरी, म्हणजेच गणितातले संकलन (इंटिग्रल), मला हवे आहे. एका रनला, म्हणजे प्रारूप एकदा चालवायला, २० मिनिटे लागतात आणि भारनियमनामुळे रात्रीत १५ रन झाले तरी पुष्कळ. मोंटे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक बिंदू निवडून तेथील किमतींची सरासरी काढण्याच्या पद्धतीने, ६० रन केले; तिची त्रुटी रनसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून ती निम्मी करायची तर २४० लागतील. यातून काही मार्ग आहे काय?

उत्तर १ (अमरावती)
मोंटे कार्लो बिंदू कोठे पडले याची दखल घेत नाही. दोन बिंदू अगदी शेजारी पडले, म्हणजे दुसऱ्याने नवीन काहीच सांगितले नाही, तरी दोघांचे वजन सारखेच. संख्याशास्त्रज्ञ ओ'हेगन यांनी १९८७ मध्ये या पद्धतीवर घेतलेल्या आक्षेपांत हाही होता. बेझियन क्वाड्रेचर या दुसऱ्या पद्धतीत अज्ञात फलनावरच (येथे आपल्या प्रारूपावर) गाउसियन प्रक्रियेचे पूर्ववितरण ठेवतात, म्हणजे ते फलन कसे असू शकेल याचा संभाव्यतेच्या भाषेतला आधीचा अंदाज; जवळच्या बिंदूंवरील किमती किती सारख्या धरायच्या हे त्यात ‘कर्नल’ ठरवते, त्यामुळे संकलनाचे उत्तर एका आकड्याऐवजी वितरण म्हणून मिळते. संख्याशास्त्रज्ञ डायाकोनिस यांच्या १९८८ च्या लेखातले उदाहरण पाहा : एका चलात ब्राउनियन गती (यादृच्छिक, खडबडीत वाटेची एक गाउसियन प्रक्रिया) गृहीत धरली की उत्तराची सरासरी म्हणून आपला ओळखीचा समलंबी नियमच, म्हणजे शेजारचे बिंदू सरळ रेषेने जोडून क्षेत्रफळ काढण्याचा नियम, हाती येतो. शून्य ते एक या अंतराचे १० समान भाग केल्यास उत्तराचे प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे अनिश्चिततेचे माप) १/१२००, २० केल्यास १/४८००. म्हणजे भाग दुप्पट केले की प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ, निम्मे. शिवाय कर्नल ठरलेले असेल तर हे प्रचरण फलनाच्या किमतींवर अवलंबून नसते, म्हणून बिंदू आधीच निवडून ठेवता येतात आणि वीज येईल तसे रन उरकता येतात.

उत्तर २ (वणी)
सरांचे म्हणणे मान्य, पण प्रचरण फलनाच्या किमतींवर अवलंबून नसण्याचा तोच गुण येथे अंगाशी येऊ शकतो. पावसाने ओढ दिल्यावर आपले प्रारूप दुबार पेरणी धरते काय? धरत असेल तर त्या तारखेला उत्पादन एकदम खाली उतरेल, आणि गुळगुळीत कर्नलला त्या उडीचा पत्ताही लागणार नाही. प्रचरण मात्र तेवढेच लहान दिसेल.

प्रश्नकर्ता
होय, धरते. २० जूनपूर्वीच्या पेरणीला प्रारूपात तोच फटका बसतो.

उत्तर २
मग २० जूनच्या अलीकडे आणि पलीकडे दोन स्वतंत्र संकलने करून त्या त्या बाजूच्या संभाव्यतेने भारित बेरीज करावी. आधीचे ६० रन टाकून देऊ नयेत. कर्नलची लांबी, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या किमती एकमेकींशी संबंधित धरायच्या ते, त्यांवरूनच ठरवता येईल.