दिवसाची नोंद ठेवतेय, पण अर्धा दिवस वहीत मावतच नाही

शिकवणीवाली (सुदामानगर, इंदूर):
नमस्कार. मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सासूबाई ब्याऐंशीच्या, धरल्याशिवाय उठता येत नाही त्यांना. रोज रात्री वाटतं, आज बसले तरी कधी? मग कामं उरली कशी? म्हणून मुलाच्या जुन्या वहीत आठवडाभर नोंद केली. पेन्सिल फ्रिजच्या दांड्याला बांधून ठेवलीय.

कालचं पान असं: ‘६.१० नळ आला, मोटर लावली. ६.१५ चहा. ६.२० कचरा गाडी. ६.२५ आईंना बाथरूमला नेलं.’ आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. त्यामुळे कान टाकीकडे, दूध गॅसवर आणि एक हात आईंच्या पाठीला. ही वेळ कुठल्या कामाच्या नावावर लिहू? संध्याकाळी वर्गसमीकरणं शिकवतानाही अर्धं लक्ष आतल्या खोलीत. आठवड्याच्या १६८ तासांतले ३१ तास सापडत नाहीत. ते वाया गेले नाहीत, एवढं नक्की. तुम्ही कसं लिहिता?

फिरतीवाला (उज्जैन):
ताई, २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत मी घरोघर जाऊन हेच लिहून घेत होतो. पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ चौकटी. एकेका चौकटीत दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली तीन कामं लिहायची सोय होती. तुम्ही मिनिटं धरताय म्हणून अडतंय. चौकट करा: मुख्य काम एक, शेजारी ‘सोबत’चा रकाना. स्वयंपाक-झाडलोट वेगळी, माणसाची देखभाल वेगळी. पाहणीतही ती वेगळीच मोजतात. कितीतरी बायका आधी म्हणायच्या, ‘काही नाही हो, घरीच असते’, आणि मग चौकट पुरायची नाही. त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली, पुरुषांची ९७.

सकाळपाळी:
वहीजवळ सारखं धावू नका. नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण झाल्यावर, असं तीनदाच लिहा. सगळं रात्री आठवून लिहिलं तर मात्र मधलं गळतं, हा माझा अनुभव आहे.

शिकवणीवाली:
दोघांचे आभार. सहा दिवस चौकटी भरल्या. मंगळवारी ४८ पैकी १९ चौकटींत ‘सोबत’खाली आई आहेत. हरवलेले तास तिथे होते. मी त्याला काम म्हणतच नव्हते, कारण हात रिकामे दिसायचे.

वही यांच्यासमोर ठेवली. बोलले काही नाहीत, पण आता नळाच्या दिवशी आईंना तेच उठवतात. पहिल्या दिवशी त्यांच्याच अक्षरात नोंद होती: ‘६ ते ६.३० आई.’ मग मला विचारलं, दहा पावलांवर बाथरूम, अर्धा तास लागतो रोज? म्हटलं, हो, लागतो.

एक विचारायचं राहिलं. रात्री आईंच्या खोकल्याने जाग येते, पण उठावं लागत नाही. ती चौकट झोपेची लिहायची की देखभालीची?