फाटकाची चावी लोखंडाचीच राहू द्या! यांत्रिक इंटरलॉकिंगबद्दल तुमचं मत काय?

सांधेवाला
रेल्वे फाटकावरचं जुनं यांत्रिक इंटरलॉकिंग, म्हणजे लिव्हर, तार, कुलूप, चावी, हे सगळं आता भंगारात काढा आणि मोटरचं बॅरियर, सेन्सर नि कॉम्प्युटर एवढ्यावर भागवा, असा सूर हल्ली सगळीकडे ऐकू येतो. माझं म्हणणं साफ उलटं आहे. बाकी काय हवं ते इलेक्ट्रॉनिक करा, पण फाटक बंद होऊन त्याला कुलूप लागलंय ही एक गोष्ट लोखंडानेच सांगितली पाहिजे. आणि ज्या फाटकांवर आज कुठलंच इंटरलॉकिंग नाही तिथे ते आधी बसवा, नवलाई नंतर.

ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गेटमन दोन्ही बाजूचे बूम, म्हणजे रस्ता अडवणारे आडवे दांडे, खाली घेतो, ते पूर्ण खाली बसल्याशिवाय कुलपातली चावी फिरतच नाही. चावी फिरवून काढून घेतली की बूम अडकले, आता कोणीही ओढले तरी वर जाणार नाहीत. तीच चावी मग सिग्नलच्या लिव्हरच्या कुलपात घालायची, तेव्हा कुठे लिव्हर मोकळा होतो आणि सिग्नल देता येतो. सिग्नल दिला की चावी तिथे अडकली, सिग्नल परत लाल केल्याशिवाय ती निघत नाही. आता बघा, चावी एकच, आणि ती एका वेळी एकाच कुलपात असणार. म्हणजे एकतर रस्ता मोकळा नाहीतर रूळ मोकळा, दोन्ही एकदम मोकळे होणं शक्यच नाही, तिथे कोणाच्या लक्षात राहण्यावर किंवा प्रामाणिकपणावर काही अवलंबूनच ठेवलेलं नाही.

ही कल्पना आजची नाही, जॉन सॅक्सबीने इंग्लंडमध्ये १८५६ साली सांधे (गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणारे रूळ) आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं तेव्हापासूनची आहे. आणि तरीही ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर पॅसेंजर गाडीने शाळेची व्हॅन उडवली, तीन मुलं गेली. ते फाटक इंटरलॉक नव्हतं. स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यात फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोपाची खूण म्हणून एक गुप्त आकडा, द्यायचा नि घ्यायचा, एवढाच काय तो बंदोबस्त. पावणेदोनशे वर्षं जुना उपाय हाताशी असताना आपण फोनवरच्या शब्दावर गाड्या सोडतोय हे मला सहनच होत नाही.

रिलेरूम
कडलूरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. इंटरलॉक नसलेलं फाटक हा प्रकार असताच कामा नये. पण तिथून तुम्ही जी उडी मारलीत की लोखंडच खरं, ती मला मान्य नाही.

यांत्रिक फ्रेमला, म्हणजे लिव्हर बसवलेल्या त्या लोखंडी चौकटीला, गाडी दिसत नाही हो! तिला एवढंच कळतं की कुठला लिव्हर ओढलाय. रुळावर गाडी उभी आहे की नाही याचा तिला पत्ताच नसतो. क्विंटिन्सहिल, स्कॉटलंड, २२ मे १९१५. सिग्नल केबिनमध्ये मस्त यांत्रिक इंटरलॉकिंग होतं, पण केबिनच्या अगदी समोर उभी असलेली लोकल सिग्नलमनच्या ध्यानातून गेली आणि त्याने सैनिकांच्या गाडीला सिग्नल दिला. दोनशेच्या वर माणसं गेली, ब्रिटनमधला आजवरचा सगळ्यात भयंकर रेल्वे अपघात. लाईन अडलेली असेल तर लिव्हरवर एक लोखंडी कडी अडकवून ठेवायची अशी सोय होती, म्हणजे लिव्हर ओढायला जाल तर हाताला लागेल. ती कडी त्या दिवशी घातलीच नव्हती. लोखंड तिथेच पडून होतं आणि माणूस विसरला.

ही अडचण सोडवली ती ट्रॅक सर्किटने, आणि ते विजेचं आहे. विल्यम रॉबिन्सनचं अमेरिकन पेटंट १८७२ चं. रुळांमधून थोडासा करंट सोडलेला असतो, गाडी आली की चाकं आणि आस मिळून दोन्ही रूळ आपसात जोडून टाकतात, रिलेपर्यंत, म्हणजे करंटवर चालणाऱ्या स्विचपर्यंत, करंट पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. वायर तुटली तरी लाल, बॅटरी संपली तरी लाल. बिघाड झाला की आपोआप सुरक्षित बाजूला पडायचं हे तत्त्व लोखंडाची मक्तेदारी नाहीये.

सांधेवाला
@रिलेरूम ट्रॅक सर्किट काढा असं मी कुठे म्हटलंय? ते हवंच. पण तुम्ही क्विंटिन्सहिल काढलंत तर मी क्लॅपहॅम काढतो. १२ डिसेंबर १९८८, लंडन. रिले रूममध्ये नवीन वायरिंगचं काम झालं, जुनी वायर कापून टाकायची ती कापली नाही, टोकाला टेप लावली नाही, ती हलून परत जुन्या जागी टेकली आणि रिलेला नको तिथून करंट मिळाला. पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल झालाच नाही, ३५ माणसं गेली. ज्याने काम केलं त्याला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती हे चौकशीत बाहेर आलं, म्हणजे त्या माणसाला दोष देऊन सुटका नाही. आणि आपल्याकडे २ जून २०२३ चं ओडिशातलं बाहानगा बाजार. तिथलं काम तर चक्क फाटकाचंच होतं, इलेक्ट्रिक लिफ्टिंग बॅरियर बदलायचं. वायर चुकीच्या जागी जोडली गेली, सांधा लूपलाईनकडे (बाजूच्या लाईनकडे) असताना यंत्रणेला तो मेनलाईनकडे दिसला, कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा मिळाला आणि ती उभ्या मालगाडीवर गेली. २९० च्या वर माणसं.

चावी चुकीच्या कुलपात घातली तर ती फिरत नाही. वायर मात्र चुकीच्या टर्मिनलला जोडली तरी निमूटपणे बसते आणि खोटं सांगते.

रात्रपाळी
या चर्चेत गेटमनचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते, आमच्या घरात दोन पिढ्या या नोकरीत गेल्या.

फाटक बंद असलं की दोन्ही बाजूला गर्दी साठते. हॉर्न, शिव्या, "गाडी अजून लांब आहे, दोन मिनिटं उघड ना", कोणी पेशंट आहे म्हणून सांगतो आणि कधी कधी ते खरंही असतं, कोणी साहेबांची गाडी आहे म्हणून दम देतो, अंगावर धावून येणारे पण असतात. रात्री दोन वाजता एकटा माणूस आहे तिथे, आजूबाजूला शेतं आणि अंधार. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर त्याने उघडायचं ठरवलं तर तो उघडू शकतो आणि हे समोरच्या गर्दीलाही माहीत असतं, म्हणून तर ते त्याच्यावर दबाव टाकतात. इंटरलॉक फाटकावर तो सरळ सांगू शकतो, सिग्नल दिलाय, चावी निघत नाही, मी काहीच करू शकत नाही. बस्स, भांडण तिथेच संपतं. ते कुलूप गाडीसाठी आहे तितकंच गेटमनच्या जिवासाठी आहे. हे सेन्सरवाल्यांच्या कोणाच्या ध्यानातच येत नाही.

पूलबांधा
तुम्ही सगळे फाटक कसं बंद करायचं यावर भांडताय. फाटक हवंच कशाला? ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली ना आपण, मग आता माणूस असलेली पण काढा. भुयारी रस्ता किंवा उड्डाणपूल, विषय खल्लास.

शिवाय फाटक कुलूपबंद आहे हे कळलं म्हणून रूळ मोकळा आहे हे कळत नाही. हिक्सन, इंग्लंड, ६ जानेवारी १९६८: १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन एक लांबलचक ट्रेलर ऑटोमॅटिक हाफ बॅरियरच्या (रस्त्याची अर्धीच बाजू अडवणाऱ्या) फाटकावरून हळूहळू चालला होता. लाल दिवे लागल्यापासून गाडी येईपर्यंत २४ सेकंद, तेवढ्यात तो पलीकडे जाणार कसा? ११ माणसं गेली. बॅरियर बरोबर चाललं, दिवे बरोबर लागले, सगळी यंत्रणा ठणठणीत.

सांधेवाला
@पूलबांधा हिक्सनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! तिथे फाटक आणि सिग्नल यांचा एकमेकांशी संबंधच ठेवला नव्हता. गाडी आली की बॅरियर आपोआप पडणार आणि गाडी न थांबता जाणार, अशी ती पद्धत. इंटरलॉक फाटकावर आधी फाटक बंद, कुलूप, गेटमनच्या डोळ्यांसमोर रूळ मोकळा, आणि मग सिग्नल. ट्रेलर मध्ये असता तर बूम खाली आलाच नसता, चावी निघाली नसती आणि गाडी सिग्नलला उभी राहिली असती.

पूल जरूर बांधा. पण इंग्लंडमध्ये अफ्टन नर्वेटला बघा काय झालं. ६ नोव्हेंबर २००४ ला हाफ बॅरियरच्या फाटकावर उभ्या केलेल्या मोटारीला एक्सप्रेस धडकली, सात जण गेले, आणि तिथे पूल सुरू व्हायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. बारा वर्षं! आपल्याकडे जमीन, निधी, राज्य आणि केंद्र यांची मंजुरी हे सगळं धरलं तर तोपर्यंत त्या फाटकावरून रोज मुलं शाळेत जाणार आहेतच ना?

पूलबांधा
अहो, इंटरलॉक केलं की पूल मागे पडतो, हेच तर मला खुपतंय. कागदावर "सुरक्षित" शिक्का बसला की फाईल खाली जाते. तात्पुरता उपाय म्हणून जे बसवतो ते मग कायमचं होऊन बसतं. आणि सिग्नल लाल ठेवून गाड्या थांबवायच्या म्हणता, वर्दळीच्या सेक्शनमध्ये फाटक वेळेवर बंद झालं नाही की मागच्या दहा गाड्या लटकतात, मग वरून विचारणा कोणाला? त्याच गेटमनला.

रिलेरूम
@सांधेवाला "वायर खोटं सांगते" हे वाक्य ऐकायला जोरदार आहे पण अर्धवट आहे. बाहानगामध्ये इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगचं लॉजिक चुकलं नाही, त्याला चुकीची माहिती पुरवली गेली. काम झाल्यावर सांधा प्रत्यक्षात कुठे आहे आणि पॅनेलवर काय दिसतंय हे माणसाने सांध्याजवळ उभं राहून जुळवायचं असतं, ते नीट झालं असतं तर तिथल्या तिथे सापडलं असतं. यांत्रिक फ्रेमवर पण हेच लागू आहे. लॉकिंग ट्रे, म्हणजे लिव्हरखालची लॉक बसवलेली पेटी, उघडून एखादा लॉक काढून ठेवला आणि परत बसवायचा राहिला तर तुमचं लोखंड पण गप्पच बसणार. तारा उन्हाने सैल पडतात, थंडीत ताणतात, रॉड झिजतात, टॅपेटच्या (लिव्हरबरोबर सरकणाऱ्या पट्टीच्या) खाचा झिजून लॉक ढिला बसायला लागतो. हे सगळं ओळखणारे जुने फिटर रिटायर झाले, नवीन पोरांना ते काम कोण शिकवणार?

आणि वेग! ताशी १३० ने गाडी येत असेल तर तिच्यासाठी किती आधी, किती सिग्नल द्यावे लागतात बघा. तेवढ्या लांबच्या सिग्नलला तार ओढत नेणार का?

सांधेवाला
तार कशाला न्यायची, चावी फाटकापाशीच राहू दे, तिने एक कॉन्टॅक्ट उघडझाप केला की पुढचं सगळं विजेने जाऊ दे. 'की ट्रान्समीटर' नावाचं यंत्र नेमकं हेच करतं, चावी इकडे अडकते तेव्हा तिकडे सिग्नल मोकळा होतो. मी शेवटच्या टोकाबद्दल बोलतोय, जिथे यंत्रणा प्रत्यक्ष वस्तूला हात लावते तिथे. सांध्याचंच घ्या. पाच मिलीमीटरचा तुकडा सांध्याची हलणारी पट्टी आणि रुळाच्या मध्ये ठेवून बघतात, तेवढ्या फटीतही कुलूप लागता कामा नये. ती तपासणी कॉम्प्युटरच्या स्टेशनात पण होते, कारण शेवटी पट्टी रुळाला चिकटली का हे लोखंडालाच ठरवावं लागतं. मग फाटकाच्या बूमला वेगळा न्याय का?

जुन्या फ्रेमची एक गोष्ट तर मला फार आवडते. चांगल्या फ्रेममध्ये लॉकिंग लिव्हरच्या हालचालीने होतच नाही, लिव्हरला लागून जो खटका असतो तो मुठीत दाबला की होतं. म्हणजे लिव्हर इंचभर हलायच्या आधीच विरोधी लिव्हर सगळे अडकलेले असतात, आणि मोकळे कधी होतात, तर हा लिव्हर पूर्ण पलीकडे जाऊन खटका खाचेत बसल्यावर. अर्ध्यावर सोडला तर कोणीच मोकळा नाही. काय विचार केलाय! मोटरचं बॅरियर घेताना मी हाच प्रश्न विचारीन, अर्ध्यावर अडकलं तर कोण मोकळं राहतं?

शिट्टी
लोको पायलटच्या बाजूने दोन शब्द. गेट सिग्नल लाल मिळाला तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग फाटकापर्यंत जपून जायचं आणि गेटमनचा हात-सिग्नल बघून पार करायचं. हा नियम ठीक आहे कारण आम्हाला खात्री असते की लाल म्हणजे फाटकात काहीतरी अडचण आहे. पण इंटरलॉक नसलेल्या फाटकाला सिग्नलचं संरक्षणच नसतं, स्टेशनचा सिग्नल हिरवा मिळाला म्हणजे फाटक बंदच असणार असं धरून आम्ही पूर्ण स्पीडने येतो. बंद नाही हे दिसेपर्यंत ब्रेक लावून काही उपयोग नसतो. कवचमध्ये, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेत, फाटकाजवळ आपोआप शिट्टी वाजते, चांगलंच आहे, पण शिट्टीने व्हॅन थांबते का? मला चावीची असो की सेन्सरची, जी यंत्रणा पुढच्या वर्षी लागेल ती द्या.

रात्रपाळी
@रिलेरूम तुमच्या सगळ्या मुद्द्यांना मान आहे, पण एक सांगा. सेन्सर बिघडला की तो "फाटक उघडं" दाखवणार, सिग्नल लाल, बरोबर? सुरक्षित बाजूला पडला. मग गाड्या अडकतात, कंट्रोलचा फोन येतो आणि पुढचे चार तास मेंटेनर येईपर्यंत सगळा कारभार परत फोन आणि प्रायव्हेट नंबरवर. म्हणजे कडलूरवालं फाटक झालं की ते! माझा अनुभव असा की चावीचं कुलूप बिघडतं फार कमी आणि बिघडलं तर फाटकाला साखळी नि साधं कुलूप लावता येतं, ती सोय मोटरच्या बॅरियरला पण ठेवलेलीच असते, कारण सगळ्यांना माहीत आहे शेवटी कुठे यायचंय.

रिलेरूम
हा मुद्दा मात्र वजनदार आहे ताई. बिघाडाच्या वेळेला काय होतं यावरच यंत्रणा जोखली पाहिजे. पण मग उलट बाजूनेही बघा, इमर्जन्सी चावी काचेच्या पेटीत असते ती कशासाठी? कुलूप अडकलं तर फाटक उघडता यावं म्हणून. ती काच किती वेळा फुटते, कोणाच्या सांगण्यावरून फुटते, त्याची नोंद रजिस्टरमध्ये हाताने होते. त्याच पेटीला एक साधा कॉन्टॅक्ट लावला, की पेटी उघडली की गेट सिग्नल लाल आणि वेळेसकट नोंद थेट डेटालॉगरमध्ये (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्रात), तर तुमच्या चावीला माझा विरोध उरत नाही. @सांधेवाला हे चालेल का तुम्हाला?

सांधेवाला
चालेल, फक्त तो कॉन्टॅक्ट सिग्नलला लाल करू शकेल एवढाच असावा, हिरवा करण्यात त्याचा कुठेही हात नसावा. सर्किटची आकृती काढून इथे टाका, वायर चुकीच्या टर्मिनलला गेली तर काय होईल ते आपण सगळे मिळून बघू.