मदत हवी आहे: मिग-२१ चं किट न जोडता रंगवून फ्रेम करायचंय

नमस्कार मंडळी,

भाच्यानं पुण्याहून येताना मिग-२१ चं १/७२ मापाचं प्लास्टिक किट आणलं. जोडलं तर विमान होते जेमतेम वीतभर. कपाटावर धूळ खाणार, नाहीतर पोरं चाकं मोडणार. म्हणून ते जोडायचंच नाही असं ठरवलंय. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या जाळीला लटकून येतात ना, तो स्प्रू तसाच ठेवायचा, भाग जागेवरच रंगवायचे आणि काचेआड भिंतीवर टांगायचं. पंख, शेपूट, नाकातला शंकू, पायलटची खुर्ची, सगळं एका नजरेत दिसते. १९६३ पासून हवाई दलात असलेलं हे विमान सप्टेंबर २०२५ ला चंदीगडात निवृत्त झालं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही ते बनायचं. तेव्हा भिंतीवर त्याचा एवढा मान तर हवाच.

अडचणी अशा. आमचं गाव आर्वीकडचं. सध्या दुपारी पारा ४४ च्या वर, आणि संध्याकाळ झाली की वावटळ. स्प्रे कॅन मारावा तर रंग हवेतच वाळून प्लास्टिकवर रवाळ बसेल अशी भीती आहे. ब्रशनं चांदी रंग मारला तर रेघा उमटतात. राखाडी घ्यावा का? आणि जाळीला कोणता रंग? जाळी आणि भाग एकाच रंगाचे केले तर लांबून खिडकीची ग्रील वाटेल, असं माझं मत.

दुसरं, तालुक्याच्या फ्रेमवाल्याचं सगळं काम देवाच्या तसबिरी आणि सत्काराचे फोटो. त्याच्या पट्टीत अर्ध्या इंचाचीही खोली नाही, विमानाचं अर्धं पोट काचेला टेकते. शिवाय जाळी पाठीला चिकटवायची कशानं? दुहेरी टेप आमच्या उन्हाळ्यात टिकत नाही.

— वावरवाला

—

वावरवाला भाऊ, कल्पना झकास आहे.

आधी जाळी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेल राहते, त्यावर रंग धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर जवळही आणू नका, हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन आहे, विरघळते. ॲक्रिलिक रंग घ्या.

स्प्रे पहाटे मारा, वारा पडलेला असतो तेव्हा. वीतभर अंतरावरून, पातळ हात, दोन हातांत थांबून. कॅन उन्हात ठेवू नका, फुटेल. आधी सगळ्यावर मॅट काळा मारून टाका, मग भाग तेवढे ब्रशनं राखाडी. जाळी आपोआप मागे जाते. तिरंगी गोल स्टिकर पाण्यात भिजवून लावायचे असतील तर त्या जागी आधी चकचकीत क्लिअर मारा, नाहीतर कडेला पांढुरकी झाक दिसते.

चिकटवायचं नाहीच. मोटर वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आणा, पाठीच्या फळीला भोकं पाडा, जाळी तारेनं बांधा आणि मागून पीळ द्या. फेविक्विक तर मुळीच नको. त्याच्या वाफेनं कॉकपिटचं पारदर्शक झाकण पांढुरकं पडते, बंद पेटीत तर जास्तच.

पेटी फ्रेमवाल्याकडून नाही, सुताराकडून करून घ्या. सागाची दीड इंच पट्टी, पाठीला प्लाय. एमडीएफ कूलरच्या ओलीनं फुगते. पश्चिमेचं ऊन येते त्या भिंतीवर लावू नका, झाकण पिवळं पडेल.

— सागपट्टी

—

सागपट्टी भाऊ, तारेचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि वाइंडिंगवाला तर घराशेजारीच आहे. एकच राहिलं: झाकणाची जाळी वेगळी, पूर्ण पारदर्शक आहे. तिच्यावरही काळा मारू की तशीच ठेवू? मागची फळी पांढरी केली तर ती दिसणारच नाही.

— वावरवाला

—

तशीच ठेवा, फक्त झाकणाच्या पट्ट्या रंगवा. फळी गडद निळी करा, दोन्ही जाळ्या उठून दिसतील. काळ्यावर काळं होईल का, तर निळा अगदी रात्रीचा घेऊ नका. झाल्यावर फोटो टाका.

— सागपट्टी